दारावरची लाल पट्टी

१

दाराच्या कडीला लाल पट्टी अडकवलेली होती, म्हणून पंचबाई पायरीवर बसून राहिल्या.

दुपारचे दोन वाजले होते. साडेबाराला जेवायला येतो म्हणून सांगून गेलेले मास्तर घरी पोचले नव्हते, फोन उचलत नव्हते, आणि त्यांच्या बायकोने, वहिनींनी, बाईंना शोधायला धाडलं होतं. तरीही बाई बसल्या. लाल पट्टी म्हणजे आत एक एजंट गिऱ्हाईकाला जागा दाखवतो आहे. अशा वेळी दुसऱ्या एजंटाने आत पाऊल टाकायचं नाही, दार वाजवायचं नाही, हाक तर मुळीच मारायची नाही. तीस वर्षांपूर्वी एकाच गिऱ्हाईकावरून दोन एजंट परक्या स्वयंपाकघरात एकमेकांची गचांडी धरून भांडले, तेव्हा मास्तरांनीच हा नियम घालून दिला होता. "माणसं घर बघायला येतात, आपली तोंडं नाही," ते म्हणाले होते. गावातल्या निम्म्या एजंटांना त्यांनीच शिकवलेलं, म्हणून तर ते मास्तर. आणि शिकवूनही जे भांडत त्यांचे तंटे एजंट संघातर्फे बाई सोडवत, म्हणून त्या पंचबाई.

पाव तास गेला. रिकामं बैठं घर दाखवायला मास्तरांना कधी इतका वेळ लागत नसे. शेवटी बाईंनी मनातल्या मनात मास्तरांची माफी मागून दाराला हात लावला. दार नुसतं लोटलेलं होतं.

बाहेरच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. आतल्या खोल्यांच्याही. उजेड होता तो फक्त स्वयंपाकघरात. तिथे दोन घडीच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, ओट्यावर थर्मास आणि दोन कप होते, आणि खाली फरशीवर, उजव्या कुशीवर, मास्तर पडले होते. अंग गार झालं होतं. डाव्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरलेला होता. त्या जुन्या, झिजलेल्या किल्ल्यांत एकच नवी कोरी किल्ली चमकत होती आणि तिच्या बिल्ल्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांची गाडी येईपर्यंत बाई फाटकात उभ्या राहिल्या. त्यांनी 'विकणे आहे'च्या पाटीचा आधार घेतला. पाटी हिरव्या नाडीने फाटकाला पक्की बांधलेली होती, जराही हलली नाही.

२

"झटका साधारण अकराच्या सुमारास आला," डॉक्टर म्हणाले. "उजवं अंग गेलं, वाचाही गेली असणार. पण लगेच नाही गेले. तास-पाऊण तास तरी जिवंत होते."

"कुणी लगेच आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "पहिल्यासारखे झाले असते असं नाही म्हणत मी. पण जगले असते."

पोलिसांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं. म्हातारा माणूस, झटका, संपलं. एजंटांच्या लेखी मात्र तिथून सुरू झालं. कारण पट्टी! दारावर पट्टी होती म्हणजे आत गिऱ्हाईक होतं. शेजारी राहणाऱ्या घड्याळवाल्या आजोबांनी तर कानांनी ऐकलं होतं, मास्तर फरशी वाजवून दाखवत होते. मास्तरांची ती सवय सगळ्यांना ठाऊक होती. प्रत्येक खोलीत किल्ल्यांच्या जुडग्याने फरशीवर ठक ठक ठक करायचं आणि म्हणायचं, "ऐका, कुठे पोकळ नाही." तर मग ते गिऱ्हाईक गेलं कुठे? आणि म्हातारा डोळ्यांदेखत कोसळल्यावर त्याला तसाच टाकून जाणारा हा नग कोण?

संध्याकाळपर्यंत नावही ठरलं. त्या दुपारी कोपऱ्यावर झटपटची मोटारसायकल तिघांनी पाहिली होती. 'झटपट घर, झटपट ताबा' अशी पाटी लावणारा हा तरुण एजंट दुसऱ्यांची गिऱ्हाइकं पळवण्यात पटाईत होता. मास्तरांनी त्याच्याविरुद्ध केलेली तक्रार बाईंच्याच टेबलावर पडून होती. रविवारी संघाची सभा होती. झटपटला काढून टाकायचं, गावात धंदा करू द्यायचा नाही, हे सभेआधीच पक्कं झालं होतं.

वहिनींना सभेशी देणंघेणं नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"निघताना हसत होते," त्या म्हणाल्या. "थर्मास स्वतः भरला. कपाटातले चांगले कप काढले, दोन. मी विचारलं, गिऱ्हाइकाला चहा पाजायला कधीपासून लागलात? तर म्हणाले, कोणीतरी यायचंय. आणि हसले." मग त्यांनी बाईंचा हात धरला. "मला कुणाला शिक्षा नको. हे जायच्या वेळी तिथे कुणी होतं का, एवढंच मला शोधून द्या. नाहीतर मला झोप नाही लागायची."

बाई हो म्हणाल्या. चाळीस वर्षांची ओळख होती, नाही कशा म्हणणार?

३

"मी त्या दिवशी पार दुसऱ्या टोकाला होतो," झटपट म्हणाला.

समोरच्या माणसाला गप्प बसून बोलतं करण्याची बाईंची जुनी रीत होती. झटपटने पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाई, मी मास्तरांना मारीन का?"

"मारलंस असं कुणी म्हणत नाही. सोडून गेलास म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला. इतका फटकळ पोरगा, पण डोळ्यांत पाणी आलं. "सगळं सांगतो," तो म्हणाला. "सकाळी आठला त्यांची पाटी मी पाडली. लाथ घातली. तक्रार केली म्हणून राग होता माझा. मग सव्वाबाराला परत गेलो. पट्टी दिसली. म्हटलं, आत पार्टी आहे, बाहेर पडली की कोपऱ्यावर गाठायची. एक वाजेपर्यंत उभा होतो."

"आणि?"

"कोणी बाहेरच आलं नाही! मागचं दार तर आतून अडसर घालून बंद, ते मला माहीत आहे. शेवटी कंटाळून गेलो जेवायला. मला काय ठाऊक बाई, की आत..." नाक ओढून तो म्हणाला, "एक मात्र आहे. मी पाडलेली पाटी तेव्हा उभी होती. चांगली करकचून बांधलेली. हलवून बघितली मी."

"पाटी पाडल्याचं सभेत स्वतःच्या तोंडाने सांगशील?"

"सांगीन. पण बाकीचं मी केलेलं नाही."

बाईंना ते पटलं. माणूस चोर असला म्हणजे खोटारडाच असतो असं नाही, हे तंटे सोडवून सोडवून त्यांना कळलं होतं. पण मग पाटी उभी कुणी केली?

४

घड्याळवाले आजोबा खिडकीशी बसून अजूनही शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्या खिडकीसमोर मास्तर पडले त्या स्वयंपाकघराची भिंत होती. फाटक तिथून दिसत नसे.

"मास्तर आले तेव्हा दहा चाळीस. मी दूध घेऊन येत होतो," आजोबा म्हणाले. "पाटी वाटेत आडवी पडलेली. मी म्हटलं, उचलू का? तर म्हणाले, राहू दे, आधी आत जाऊन खुर्च्या मांडतो, मग बघतो."

"आणि फरशी वाजवल्याचं कधी ऐकलंत?"

"पहिल्यांदा अकरा वाजून चार मिनिटांनी. शेवटचं बाराला दहा कमी."

बाईंनी मान वर केली. "पाऊण तास?"

"सलग नाही. पाच-सहा ठोके, मग थांबायचं. पुन्हा पाच-सहा. पुढे पुढे अंतर वाढलं."

"कुठल्या कुठल्या खोलीत?"

"खोल्या कसल्या? सगळं इथेच, या भिंतीपलीकडे. एकाच जागी." एवढं बोलून आजोबा थांबले. डोळ्याला लावलेलं भिंग त्यांनी हळूच काढून टेबलावर ठेवलं. "मास्तर तर एका खोलीत तीनच ठोके मारायचे, नाही का?"

"हो."

"मी इथेच होतो, बाई. सहा हातांवर. वेळ मोजत बसलो होतो."

बाई तशाच उठून रिकाम्या घरात गेल्या आणि स्वयंपाकघरात खाली बसल्या. जिथे मास्तरांचा डावा हात होता तिथली एकच फरशी पांढऱ्या टवक्यांनी भरली होती.

मास्तर उजव्या हाताने वाजवत. जुडगा डाव्या मुठीत होता, म्हणजे तो त्यांनी पडल्यावर, उजवं अंग गेल्यावर धरला. ज्याला सगळे जागा दाखवणं समजले ते मदतीला बोलावणं होतं. गिऱ्हाईक नव्हतंच. असतं तर मास्तरांनी आधी साऱ्या खिडक्या उघडल्या असत्या. आणि खुर्च्या? "गिऱ्हाइकाला रिकाम्या घरात बसवू नका, बसलं की त्याला खोली लहान दिसायला लागते," हे तर ते पहिल्याच दिवशी शिकवत. इथे दोन खुर्च्या होत्या, चांगले कप होते. ज्याच्याशी निवांत बोलायचं आहे असं माणूस यायचं होतं.

मग पट्टी कशाला लावली? बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. बोलण्यात कुणी तिसऱ्याने येऊन व्यत्यय आणू नये म्हणून! आपण बोलावलेल्या माणसालाही ती पट्टी दिसणार, हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नसेल. ज्याच्यासाठी लावली त्याला ती कशाला अडवील, असंच वाटलं असणार त्यांना.

आणि ते माणूस वेळेवर आलं असणार. एजंट असणार, नाहीतर पट्टीचा अर्थ कळला नसता. गिऱ्हाईक आहे समजून ते पायरीवर बसलं असणार, जशा बाई स्वतः पाव तास बसल्या होत्या. आणि बसण्याआधी त्याने दुसऱ्याची पडलेली पाटी उभी केली असणार, कारण तोही मास्तरांचाच नियम.

बाई फाटकाशी गेल्या. हिरवी नाडी, आणि तिची दुहेरी फासाची गाठ. ती गाठ मास्तर वाऱ्याने पाटी पडू नये म्हणून बांधत आणि फक्त हाताखाली तयार झालेल्या माणसांना शिकवत. अशी माणसं तीन. एक वारला होता, एक परदेशी होता.

तिसरीच्या कचेरीत फायली कुठल्या नाडीने बांधतात, हे बघायला त्या निघाल्या. हिरवी नसेल तर बरं होईल, असं त्यांना वाटेभर वाटत होतं.

५

धाकटीची कचेरी मास्तरांच्या कचेरीच्या बरोबर समोर होती. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. ही विशीत त्यांच्याकडे कामाला लागली आणि बारा वर्षांत घरची झाली. ते तिला धाकटी म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःची कचेरी उघडली आणि ते सांगायला तिची जीभ रेटली नाही. मास्तरांना कळलं ते समोर पाटी चढली तेव्हा. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं असतं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागू लागले. जे काही असेल ते टाइप केलेल्या पत्रातून.

कपाटात फायलींच्या रांगा होत्या, सगळ्या हिरव्या नाडीने बांधलेल्या.

"गुरुवारी तू तिथे होतीस," बाई म्हणाल्या.

धाकटीने नाकारलं नाही. रडून रडून डोळे सुजले होते, पण आवाजात राग होता. "पत्र आलं होतं त्यांचं. 'गुरुवारी अकरा वाजता सदर जागेवर भेटावे. आपला विश्वासू.' दोन वर्षांनी, बाई! आणि आपला विश्वासू! तरी गेले. पाच मिनिटं आधीच गेले, त्यांनीच लावलेली सवय. बघते तर दारावर पट्टी. मला वेळ द्यायची आणि त्याच वेळी गिऱ्हाईक घ्यायचं. मला दारात ताटकळत ठेवून दाखवून द्यायचं, तू कोण ते."

"गिऱ्हाईक दिसलं तुला?"

"दिसायला कशाला हवं? फरशी वाजवत होते की. ऐकत होते मी. अकरा पस्तीसपर्यंत बसले, मग निघून आले. मी गेल्यावर त्यांना काही झालं असणार. आमची भेट तशीच राहिली." ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. समोर मास्तरांच्या कचेरीला कुलूप होतं.

बाईंना वाटलं, उठावं आणि जावं. झटपट निर्दोष आहे एवढं सभेत सांगितलं तरी चालेल, त्यांचा शब्द कुणी मोडला नसता. पण मग ही पोरगी जन्मभर समजणार की मास्तरांनी शेवटच्या दिवशी आपला अपमान केला. आणि सांगितलं तर? तर जन्मभर दुसरंच काहीतरी घेऊन जगणार. दोन्हीतलं कमी वाईट कोणतं ते बाईंना ठरवता येईना. मग त्यांना वहिनींचा हात आठवला. त्यांनी पिशवीतून वहिनींकडून आणलेली नवी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही त्यांच्या मुठीत होती. समोरच्या कचेरीची आहे. येताना मी कुलपाला लावून बघितली. मागच्या आठवड्यात करून घेतली असं वहिनी म्हणाल्या. बिल्ला कोरा आहे. प्रत्येक किल्लीवर नाव घालणारे मास्तर, ही कोरी का ठेवतील?"

धाकटी बघत राहिली. "मी पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा म्हणाले होते, आपल्या किल्लीवर आपण लिहायचं."

"आत गिऱ्हाईक नव्हतं, बाळा. दोन खुर्च्या होत्या आणि दोन कप. पट्टी तुम्हा दोघांना कुणी त्रास देऊ नये म्हणून होती."

मग धाकटीने अगदी हळू विचारलं, "मग फरशी कोण वाजवत होतं?"

धाकटी उभी राहिली, पुन्हा खाली बसली.

"दार?" तिने विचारलं. "दाराला आतून कडी होती ना? होती ना, बाई?"

खोटं बोलायची बाईंना तेव्हा फार इच्छा झाली.

"लोटलेलं होतं," त्या म्हणाल्या.

६

वहिनींकडे धाकटी स्वतःच्या पायांनी गेली. बाई बरोबर होत्या, पण बोलली तीच. पत्र, पट्टी, पायरी, ठकठक, दार, काही गाळलं नाही. स्वतःला सोडवणारा एक शब्द बोलली नाही.

वहिनींनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा इतका कठीण झाला की बाईंना वाटलं, आता वहिनी हिला घराबाहेर काढणार. काढलं असतं तर चूक म्हणता आलं नसतं.

"किती वेळ बसलीस?" वहिनींनी विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"उन्हात?"

"हो."

"त्यांना शेवटपर्यंत वाटत असणार, तू येशील," वहिनी म्हणाल्या, "आणि तू आलेली होतीस." हे त्यांनी दोनदा म्हटलं. मग त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या चहा घेऊन, आणि तेच दोन कप होते. एक त्यांनी धाकटीपुढे ठेवला. कुणीच तो प्यायलं नाही. पण धाकटी त्या रात्री तिथेच राहिली, आणि वहिनींना झोप लागली की नाही हे बाईंनी कधी विचारलं नाही.

रविवारी झटपटने उभं राहून पाटी पाडल्याचं कबूल केलं. त्याला काढलं नाही, सहा महिने दर सोमवारी सगळ्यांच्या पाट्या तपासायचं काम दिलं. कुणीतरी म्हणालं, लाल पट्टीचा नियमच रद्द करा. धाकटी उठली. "नियम मास्तरांचा आहे, तो राहील," ती म्हणाली. "फक्त त्यात एक घाला. पट्टी असली तरी बाहेरून एकदा हाक मारायची. आतून ओ आली की मगच बसायचं." विरोधात एकही हात वर गेला नाही.

दोनेक महिन्यांनी बाई एका गल्लीतून चालल्या होत्या. एका घराच्या कडीला लाल पट्टी होती. धाकटी पायरीशी उभी होती, हातात मास्तरांचा तो जुडगा, आणि नव्या किल्लीच्या बिल्ल्यावर आता तिचं अक्षर होतं. वेळेच्या पाच मिनिटं आधी आली असणार.

"आत कोण आहे?" तिने हाक मारली.

उत्तर आलं नाही. बाई रस्त्यातच थांबल्या. धाकटीने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिचा आवाज चिरकला होता, आणि हात दारावर होता.

"अगं, आहे, आहे!" आतून झटपट ओरडला. "पार्टीला माळा दाखवतोय. जिवंत आहे मी!" आणि काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन तो एकदम गप्प झाला.

धाकटीने दारावरचा हात काढून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "मग सावकाश होऊ दे. मी थांबते." आणि ती पायरीवर बसली.